झोपताना एक गोळी

ती. मंजुळामावशीस,

मेघालीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, वाळत घातलेले बोंबील आणि शेजारीण यांपैकी कोणी त्रास देत नसावं. तुझे 'हे', म्हणजे आमचे काका, बरे आहेत. कपाळाचे टाके सुकले, वॉर्डातल्या डाळीला नावं ठेवण्याइतकी ताकद आली आहे. सकाळी फोन केला होता, पण तू 'जेवलीस का' एवढं विचारून ठेवून दिलास, म्हणून काकांच्या रिकाम्या डब्यातून हे पत्र पाठवते.

मावशी, काका जेटीवर चक्कर येऊन पडले ते प्रेशरची गोळी दुप्पट गेल्यामुळे, आणि हॉस्पिटलच्या औषधखिडकीत पाकिटावर 'झोपताना एक' लिहिणारी मीच (अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्याकडे, यापुढे वाईट काढणार आहे). असं काही घडलं की आमच्या हॉस्पिटलात मूळ कारण शोधायला समिती बसते. फळ्यावर माशाचा काटा काढतात, डोक्यापाशी काय घडलं ते लिहितात आणि एकेका काट्यावर एकेक कारण. सगळ्यात जाड काट्यावर माझं नाव होतं. नोकरी अजून पक्की नाही, हे तुला ठाऊकच आहे.

काकांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. त्यांनी फळा न्याहाळून, एवढे काटे कुठल्या माशाला असतात, असं मोठ्या साहेबांनाच विचारलं. साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मग पाच वेळा 'का' विचारायची पद्धत सुरू झाली. पडले का? प्रेशर उतरलं. उतरलं का? दोन गोळ्या गेल्या. दोन का? दोनदा झोपले. दोनदा का? भरतीला बोट काढायची होती. भरती त्याच वेळी का? इथे आम्ही चंद्रापर्यंत पोहोचलो, आणि चंद्राला मेमो देता येत नाही, मला येतो, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. तेवढ्यात काका बोलले.

"पोरीनं लिवला झोपताना घे. झोपलो, घेतली. परत झोपलो, परत घेतली. तिचा काय चुकला नि माजा काय चुकला?"

मग भाविका मॅडमनी (औषधांच्या चुका तपासणं हेच त्यांचं काम) विचारलं, की या खोलीत रोज रात्री एकदाच झोपतं कोण? हात फक्त साहेबांचा वर गेला. बोईसरच्या कारखान्यांतले पाळीवाले तर आमचे निम्मे पेशंट. मॅडमनी माझं नाव पुसून तिथे 'पाकिटावरची सूचना' असं लिहिलं. मला तिथेच रडू आलं, खोटं कशाला सांगू. आता 'दिवसरात्र मिळून एकदाच' असं लिहायचं ठरलंय.

तुझी,
मेघाली

ता.क. काका सुकट मागतायत. पाठवू नकोस, मीठ बंद आहे.

ता.क. आणखी एक. जुनी पाकिटं नेलेल्या सगळ्यांना विचारायचं काम माझ्याकडे आलंय, आणि तुझ्या प्रेशरच्या गोळीवरही माझंच अक्षर आहे. सकाळी फोन त्यासाठीच होता. तू मासळी विकून आलीस की दुपारी आडवी होतेस, रात्री पुन्हा झोपतेस. मावशी, गोळी किती वेळा घेतेस? परवा बाजारात तुला चक्कर आली ती नक्की उन्हानंच ना? वाचल्याबरोबर फोन कर, आणि या वेळी मी जेवले का ते विचारू नकोस.