अक्काची बैठक पडद्यावर आलीच न्हाई

सोमवार, १२ जानेवारी
चार कॅमेरे, गाडीभर यंत्रं, आन् डोकं एकाचंबी ठिकाणावर न्हाई. बैठकीची लावणी दाखवायची म्हणून आले आन् बैठकच कापली. आमच्या लावणीच्या कला केंद्रातला नाच त्याच टायमाला बीडच्या टॉकीजात पडद्यावर. शनिवारी झाला. पोरींच्या उभ्या लावण्या सगळ्या दिसल्या. अक्काची एक ओळ दिसली, मंग परत पोरी, मंग जाहिरात. थोरली बहीण हाय माझी, चाळीस वर्सं बसून गातीय. तिला जाहिरातीखाली दाबली.

कॅमेरेवाल्या कंपनीच्या निखिलसाहेबाला फोन. म्हणतो, "मावशी, त्या विसरल्या ना. इतका वेळ गप्प. लोकांना वाटलं असतं पडदा बिघडला."
विसरली म्हणं! अक्का एक ओळ गाती आन् थांबती. मंग भुवई, मान, एक बोट. तेवढ्यात त्या ओळीचं किती अर्थ. समोरून कुणी "व्वा" म्हणल्याबिगर दुसरी ओळ उचलत न्हाई. आमच्या आईची शिस्त. आन् समोरची माणसं कंपनीनंच भाईर काढलेली, वायरीत पाय अडकत्याल म्हणून. खुर्च्या दाद देणार होत्या का?

मंगळवार, १३
वैशालीचा फोन. अक्काची एकुलती लेक. नांदूरघाटला मामाकडं वाढली, बीडात दिली. सासरी सांगितलंय, आई गावाकडं शेळ्या राखती. केंद्राची पायरी कधी चढली न्हाई. अक्कानंच तिला सांगितलं होतं, टॉकीजला ये, अंधारात कोण कुणाला बघतंय. पोरगी स्कार्फ बांधून शेवटच्या रांगेत बसली.
"मावशी, आई कधी आली? मी पाणी प्यायलासुदा उठले नाही."
ती एक ओळ आली तवा हिला आई वळखूच आली न्हाई. नऊवारीत, नथ घालून बघितलीच न्हाई कधी.
दुपारी अक्कानं इचारलं, पोरीनं बघितलं का. मी म्हणलं, बघितलं. आन् वर म्हणलं, रडली. कशापायी म्हणलं काय माहीत. बघितलं म्हणून थांबले असते तर जमलं असतं.

बुधवार, १४
संक्रांत. अक्का लई खुशीत. पोरींना तिळगूळ देती आन् प्रत्येकीला सांगती, माझी लेक टॉकीजात रडली. ढोलकीवाले नामदेवदादा माझ्याकडं बघाय लागले. मी लाडू वळत राहिले.
संध्याकाळी निखिलला परत फोन. परत या, म्हणलं. समोर वीस माणसं मी बसवते, दाद देणारी. फेब्रुवारीत बघू म्हणतो.

सोमवार, १९
अक्का सकाळी केस विंचरताना पडली. फणी हातातून गळाली, मंग ती. बीडला दवाखान्यात आणली. उजवं अंग गेलं. तोंड वाकडं.
डॉक्टर बोटं हलवा म्हणाला, पाय हलवा म्हणाला. मी भुवया बघत होते. डावी हलती. उजवी न्हाई.

मंगळवार, २०
काय न्हाई. बसून.
आता फेब्रुवारी कशाला पायजे.

बुधवार, २१
दवाखान्यातून पायीच टॉकीजला. रफीकभाई तिथं मशीन चालवतात, जुनी वळख. म्हणलं, त्या दिवशीचं ठिवलंय का. म्हणाले, "सुमनबाजी, नळाला पाणी येतं, नळात ऱ्हात न्हाई." मी उठले तर म्हणाले, बसा. चार कॅमेऱ्यांतला एक अक्कावरच रोखून ठेवलेला होता. यंत्रांच्या गाडीत बसलेल्यानं दाखवायचं दुसरं निवडलं, म्हणून तो कॅमेरा काय बंद पडत न्हाई. त्याच्यात अक्का आसंल. पूर्ण.
म्हणाले, ते आणा, सकाळच्या खेळाआधी पडद्यावर लावतो. एकट्या लेकीसाठी लावतो.
मालक?
मालकाचं मी बघतो.
लगेच निखिलला फोन. कॅमेऱ्यातली कार्डं दुसऱ्या कामावर गेलीत म्हणाला. पुसली असतील तर माझ्या हातात न्हाई. बघतो म्हणाला. त्याच्या आवाजावरून कळलं, हा बघत न्हाई.

गुरुवार, २२
तीन फोन. उचलत न्हाई.
एक गोष्ट कुणाला बोलले न्हाई, इथं लिवते. त्या शनिवारी पेटीवर मीच होते. अक्कापासनं दोन हातावर. हॉल रिकामा, ती थांबलेली, समोर बघतीय. मला कळलं, आता कोण "व्वा" म्हणणार. माझ्या तोंडात आला होता शब्द. पण आई म्हणायची, घरच्यानं दिलेली दाद म्हंजी भीक. गिळला. अक्कानं लई वाट बघितली. शेवटी नामदेवदादानं ढोलकीवर थाप टाकली तवा ती पुढं गेली. पुढचं लई चांगलं झालं. ते कुणीच...
नामदेवदादा तिथंच होते, त्यांना न सांगता कळलं. म्हणतात नियम होता, तुमी काय करणार. नियम करणारी मरून वीस वर्सं झाली.

शुक्रवार, २३
वैशाली परवा येतीय. नारायणगडाला दर्शनाला जाते म्हणून घरी सांगणार आन् इकडं दवाखान्यात येणार. अकरापर्यंत पोचंल.
अक्काला सांगितलं तर अर्ध्या तोंडानं हसली. मंग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "इचारते तिला. कंचा भाव आवडला."
वैशालीला फोन करून म्हणलं, काय तरी सांग तिला. ती म्हणाली, "मावशी, मला भाव म्हणजे काय तेच माहीत नाही. आईसमोर खोटं कसं बोलू? आयुष्यभर तिच्याबद्दल खोटंच बोलले."
फोन ठिवला.
मंग निखिलला लिवून धाडलं. हे असं:

"निखिलसाहेब, केंद्रातली सुमन. माफी नको, पुढचा कार्यक्रम नको. अक्काच्या तोंडावर जो कॅमेरा होता त्याचं पुसलं का ऱ्हायलं, येवढंच सांगा. ऱ्हायलं असंल तर मी स्वता न्यायला येते, कुठंबी. न्हाई तर न्हाई म्हणा, पण म्हणा. उद्या शनिवारी सकाळी धाच्या आत. रविवारी अकराला तिची लेक दवाखान्याच्या दारात ऱ्हाईल, आन् त्याच्याआधी मला ठरवायचंय तिला आदी टॉकीजला न्यायची का दवाखान्यात."