सोपटाची जुडी

प्रिय मनोज,

तुझ्या सत्काराची पत्रिका पोचली. नावाखाली सोनेरी अक्षरांत ‘विषमुक्त भाजीचे आदर्श उत्पादक’, आणि फोटोत तू पालकाची जुडी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरलेली. आधी हसू आलं, मग किळस आली. मोठ्या बहिणीने स्टेजवर येऊन औक्षण करावं अशी तुझी इच्छा आहे म्हणे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

पत्रिकेत तुझ्या विहिरीचं कौतुक आहे, नाल्याचं नाव नाही. अकोल्याची घाण पोटात घेऊन आपल्या शेताच्या धुऱ्याशेजारून, बांधालगत वाहणारा तो नाला, त्यात सोडलेला तुझा पंप आणि त्या काळ्या पाण्यावर माजलेली मेथी, एवढं छापायला जागा पुरली नसेल. विहिरीचं पाणी घरच्या दोन वाफ्यांना, नाल्याचं बाजाराच्या चाळीस वाफ्यांना. घरच्या जुडीला केळीच्या खोडाचं सोपट बांधायचं, बाजाराच्या जुडीला प्लास्टिकची पट्टी, म्हणजे चुकूनही ती आपल्या ताटात यायला नको. काय हुशार घराणं आपलं! लग्न होईपर्यंत मीही त्या पट्ट्या बांधल्या. एकदा विचारलं तर तू म्हणालास, “शहरातल्या लोकायले काय होते, ताई? त्यायले सगळं पचते.” मी हसले होते. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

दर रविवारी तू अमरावतीला माझ्याकडे सोपटाच्या जुड्या पाठवायचास आणि मी शेजारणींना मिरवून दाखवायची. पोळ्यानंतरच्या रविवारी पिशवीत पट्टीच्या जुड्या निघाल्या. मला वाटलं, सोपट संपलं असेल. भावावर कोण शंका घेतं? माझ्या आकांक्षाला मेथीचा घोळाणा आवडतो. कच्ची मेथी, कांदा, दाण्याचं कूट घालून केला. माझा उपास होता, म्हणून माझा वाटाही तिलाच दिला. दहा-बारा दिवसांनी ताप आला, मग टायफॉइड निघाला, मग आतड्यातून रक्त जायला लागलं. एकवीस दिवस दवाखान्यात काढले. नऊ वर्षांची पोर अजून भिंत धरून चालते. डॉक्टर म्हणाले, नेमकं कशातून झालं ते सांगता येत नाही. मला सांगता येतं.

तुला कळवलं तेव्हा तू रडलास, खोटं नाही, खरंच रडलास. “गडबडीत पिशवी बदलली वं ताई, ते बाजाराची होती,” म्हणालास. म्हणजे तुझ्या मते चूक एवढीच झाली! आकांक्षाच्या शेजारच्या खाटेवर हार विकणाऱ्या बाईची मुलगी होती, तिलाही तोच ताप. त्यांच्या घरी पट्टीचीच जुडी यायची, आणि ती कधीच बदलली नव्हती. आम्ही घरी निघालो तेव्हा ती तिथेच होती.

तर मी येते आहे. ताटात निरांजन असेल, कुंकू असेल आणि एक डबा असेल. सकाळी अकोल्याच्या बाजारातून तुझ्याच मळ्यातली पट्टीची जुडी घेईन, तीन पाण्यांनी धुऊन घोळाणा करीन. स्टेजवर सगळ्यांदेखत पहिला घास तुझ्या तोंडापुढे धरीन. खाल्लास तर ओवाळीन. तोंड फिरवलंस, तर का फिरवलंस ते माईक घेऊन मी सांगेन, आणि सुरुवात मी बांधलेल्या पट्ट्यांपासून करीन.

तुझीच,
गीतांजलीताई