मास्तरांच्या खांद्यावरचा टॉवेल

३ जानेवारी १९७९, बुधवार

माणसावरच्या अत्याचारांची दखल घ्यायला जगात मोठमोठ्या परिषदा भरतात. पहाटे साडेपाचला आमच्या मागच्या भिंतीपलीकडे वाजणाऱ्या शिट्टीची दखल अद्याप एकीनेही घेतलेली नाही. आज सलग एकविसावा दिवस. शिट्टी वाजवणारे गृहस्थ म्हणजे गोटीराम मास्तर. दिवसा शाळेत पीटी शिकवतात, पहाटे मागच्या मैदानावर मुलींना कबड्डी. शिट्टीतला वाटाणा बहुधा दगडाचा असावा. कानांत कापूस घातला, तर सुमनने चहासाठी तीनदा मारलेली हाक ऐकू आली नाही. चहा गार. म्हणजे एका दिवसात दोन अन्याय.

सुमन म्हणाली, "त्या पोरी थंडीत अनवाणी पळतात आणि तुम्ही गोधडीत कुरकुरता."

घरातही न्याय नाही – नोंद असावी.

७ जानेवारी, रविवार

शत्रू एकदा जवळून बघावा म्हणून सामन्याला गेलो. जिल्हा स्पर्धेची पहिली फेरी, मागच्याच मैदानावर.

मास्तरांकडे शकू नावाची एक मुलगी आहे. पलीकडच्या चाळीत विड्या वळणाऱ्या विठाबाईची लेक. वय बावीस-तेवीस. ती चढाईला निघाली की समोरच्या सातजणी न सांगता दोन पावलं मागे सरकतात. दम असा एकसुरी आणि शांत, की दळण चाललंय वाटावं. आणि एवढी सगळी तयारी कशासाठी? निदान रेषेला पाय लावायचा – तिथवर जावंच लागतं, नाहीतर बाद – आणि माघारी यायचं. एकीलाही हात लावायचा नाही. मी मोजलं. एकोणीस चढाया, गुण शून्य. आमच्या मुली जिंकल्या, पण पकडींवर. सात-पाच.

शेजारी सोमा पानवाला बसला होता. म्हणाला, "मास्तरच्या खांद्यावरचा टॉवेल बघा, भाऊ. टॉवेल खांद्यावर म्हंजी रेषेला शिवून परत ये. टॉवेल खाली टाकला म्हंजी घूस."

"मग टाकतात कधी?"

"दिवाळीपासून तर एकदा बी नाय. शिवून टाकलाय जणू."

निळ्या काठाचा, पंच्यापेक्षा जरा बरा टॉवेल. त्याच्यामागे एक सबंध वाघीण बांधून ठेवलेली.

१० जानेवारी

सुमनने नळावरून बातमी आणली. सातपूरच्या एका कारखान्यात खेळाडू मुलींसाठी दोन जागा आहेत. त्यांच्या साहेबांनी शकूला आधीच पसंत केलंय. पाच फेब्रुवारीला डॉक्टरी तपासणी, ती झाली की नोकरी पक्की. विठाबाई नळावर सगळ्यांना दोन-दोनदा सांगत होती म्हणे – "माझी शकू घड्याळ बघून कामाला जाईल. विड्या नाय वळायची."

चांगलं आहे. पण मग एवढी भीती कसली? असली मुलगी असताना मास्तर तिला रेषा शिवायला का लावतात? भित्रेपणालाच काही माणसं शिस्त म्हणतात. पेपरातल्या माझ्या शनिवारच्या 'चिमटा' सदरासाठी विषय मिळाला.

१३ जानेवारी, शनिवार

'चिमटा' छापून आला. संपादकांनी एक शब्दही कापला नाही – म्हणजे मी कोणा मोठ्या माणसाला हात लावलेला नाही.

शेवटचं वाक्य मलाच फार आवडलं. 'मैदानात उतरताना मुली नियमाप्रमाणे हातातल्या बांगड्या काढून ठेवतात. त्या कोण भरतं, हे पाहायचं असेल तर बाकावर नजर टाकावी.' द्वारका चौकातल्या चहाच्या टपरीवर दोघांनी ते मला पाठ म्हणून दाखवलं. टोपणनावाने लिहितो, तरी सगळ्यांना ठाऊक. तीन कप चहा फुकट.

१४ जानेवारी, संक्रांत

संध्याकाळी दारात गोटीराम मास्तर! खांद्यावर तोच टॉवेल, हातात तिळगुळाची पुडी. वाटलं, आता भांडण. सुमनने पाणी दिलं. ते बसले नाहीत.

"तिळगूळ घ्या, भाऊ. लेख वाचला. ते बांगड्यांचं चांगलं बसलंय."

मी काहीतरी पुटपुटलो.

"एक मागणं होतं. तीन आठवडे माझ्यावर काही लिहू नका. पाच तारीख जाऊ द्या. मग पुस्तक काढा माझ्यावर, मी स्वतः विकीन."

"का पण? चूक असेल तर सांगा. उत्तर द्या, छापायला लावतो."

ते टॉवेलचं टोक चाळवत राहिले. म्हणाले, "उत्तर देता आलं असतं तर पुडी घेऊन आलो नसतो."

गेले. सुमन म्हणाली, "माणूस काहीतरी सांगत होता तुम्हाला." मी म्हणालो, "माणूस घाबरलाय."

तिळगूळ मात्र कडक होता. दाढ दुखतेय.

२१ जानेवारी, रविवार

उपांत्य सामना. सहा-पाच. पुन्हा पकडींवर. शकूच्या सगळ्या चढाया रिकाम्या.

मध्यंतराच्या आधी मागच्या रांगेतून कोणीतरी मास्तरांवर बांगड्या फेकल्या. हिरव्या, काचेच्या, मूठभर. एक त्यांच्या कानाला लागून फुटली. लोक हसले. मी हसलो का? आठवत नाही. म्हणजे हसलो असणार.

मास्तरांनी पंचांना हात करून खेळ थांबवला. खाली बसले, गुडघ्यांवर. मैदानाच्या कडेने एक-एक काच वेचून टॉवेलात गोळा केली. पाच मिनिटं लागली. मुली अनवाणी खेळतात ना.

मग काचा कोपऱ्यात झटकल्या आणि टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला. शकू दोरीपाशी उभी राहून बघत होती. तिचा चेहरा बघवत नव्हता.

२२ जानेवारी

शनिवारी दुसरं काही लिहावं का? रस्त्यातले खड्डे आहेत, कायमचे.

२७ जानेवारी, शनिवार

खड्डे नाही लिहिले. संपादक म्हणाले, "उद्या अंतिम सामना, लोक मास्तरांवरचंच मागतायत." लोक मागतात म्हटल्यावर मी देतो. आठ ओळी. शेवटी – 'उद्या तरी टॉवेल धुवायला टाका, मास्तर.'

२८ जानेवारी, रविवार

आजच लिहिलं पाहिजे.

मैदान भरलेलं. मी पंचांच्या टेबलाजवळ, मास्तरांच्या बाकाच्या बरोबर समोर. शेवटचं मिनिट, आमचे नऊ, समोरच्यांचे अकरा. चढाई शकूची, माझी नजर तिच्यावरच. सगळं मैदान ओरडत होतं – 'टॉवेल! टॉवेल!' माझाच शब्द, हजार तोंडांत.

ती निघाली. निदान रेषेला पाय लागला – आणि ती वळली नाही. पुढे घुसली. कोपऱ्यातलीला हात लावला, तोच तिच्यासकट तिघींनी धरली. एकीने घोटा, एकीने कंबर, एकीने गुडघा. उजवा गुडघा आत वळला. आवाज मला टेबलापाशी ऐकू आला. ओल्या लाकडासारखा.

कोणीही किंचाळलं असतं. किंचाळली असती तर दम गेला असता, बाद झाली असती, संपलं असतं. ती किंचाळली नाही. कबड्डी, कबड्डी, कबड्डी – त्याच सुरात, दळण दळल्यासारखं. तिघींना ओढत, एका पायावर, मग पोटावर. बोटं मध्यरेषेला लागली. तिघीही बाद. तीन गुण. बारा-अकरा.

लोक आत धावले. मास्तर सगळ्यांच्या पुढे. तिच्या बोटांखालची रेषा पुसली गेली, तरी ती म्हणतच होती. मास्तरांनी तिच्या तोंडावर हात ठेवला तेव्हा थांबली.

बाकासमोर मातीत टॉवेल पडला होता, लोक तुडवत होते. धावताना मास्तरांच्या खांद्यावरून पडला असावा. का कोण जाणे, उचलून घरी आणला.

२९ जानेवारी

प्रेसमध्ये पेढे. संपादकांनी पाठीवर थाप मारली – "तुमच्या लेखणीने ढाल आणली." पेढा घेतला. खाल्ला नाही, खिशात चुरा झाला.

१ फेब्रुवारी

सुमन इस्पितळात जाऊन आली. आल्यावर बराच वेळ पाय धूत बसली. मग सांगितलं.

दिवाळीत येवल्याच्या सामन्यात शकूचा हाच गुडघा फिरला होता. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा फिरला तर खेळ संपला, धड चालताही येणार नाही. पण ती संघातून गळली असती तर कारखान्याची जागाही गेली असती; तिला खेळताना दिसणं भाग होतं. म्हणून मास्तरांनी ठरवलं – मैदानात उतरायचं, रेषेला शिवायचं, परत यायचं. पाच फेब्रुवारीपर्यंत. आणि कोणाला सांगायचं नाही, कारण समोरच्यांना कळलं असतं तर पहिल्याच पकडीत गुडघा धरला असता.

मी जाहीरपणे त्यांच्याकडे उत्तर मागत होतो. त्यांचं उत्तर म्हणजे तिच्या गुडघ्यावर बोट ठेवून दाखवणं.

तरी एक गोष्ट धरून बसलोय. मास्तरांनी टॉवेल टाकलेला नव्हता, आपणहून घुसली. हट्टी मुलगी. बावीस वर्षांची, सज्ञान. तिचा निर्णय.

५ फेब्रुवारी

आज डॉक्टरी होती.

९ फेब्रुवारी

बारा दिवस शिट्टी नाही. साडेपाचला जाग येते, वाट बघतो, सहा वाजतात.

टॉवेल सुमनने धुतला. काठाशी एक हिरवी काच सापडली, बारीक, बोटात गेली तिच्या. "परत करून या," म्हणाली. दोरीवर वाळतोय. वाळून चार दिवस झाले.

१३ फेब्रुवारी

'चिमटा' दिला नाही. संपादकांना दाढेचं कारण सांगितलं.

बावीस वर्षं मी प्रुफं वाचतोय. नगराध्यक्षांच्या मेव्हण्याच्या रस्त्यांवर एकदा लिहिलं होतं. संपादकांनी नुसतं बघितलं, आणि मी स्वतःच कागद फाडला. तेव्हापासून पीटीचे मास्तर, पोस्टाची तिकिटं, उशिरा येणारी एसटी. मोठ्या माणसाला हात न लावता शनिवार काढायचा. माझ्या सगळ्या चढाया अशा – रेषेला पाय, आणि परत. माझ्यावर कोणी बांगड्या फेकल्या नाहीत. आणि मी कोणाचा गुडघाही जपत नव्हतो. जपून खेळणं चूक की बरोबर, हे मला अजूनही कळत नाही. कोणासाठी जपतोय, हे विचारायला हवं होतं. एवढं विचारायला भिंतीपलीकडे जायचं होतं फक्त.

१८ फेब्रुवारी, रविवार

शकूकडे गेलो. पाय प्लॅस्टरमध्ये, मांडीवर सूप, विडीची पानं कापत होती. विठाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "बसा. लय जागा नाय." आणि वळत राहिली.

मी म्हणालो, "शकू, तू मास्तरांचं ऐकायला हवं होतंस."

ती म्हणाली, "ऐकलंच की, काका. टॉवेल टाकला त्यांनी. मी निघायच्या आधी." कात्री थांबली. "टाकताना माझ्याकडे नव्हते बघत ते. टेबलाजवळ तुम्ही बसला होता ना, तिकडे बघत होते."

तिथून तसाच घरी आलो, दोरीवरचा टॉवेल काढला, घडी घातली आणि मास्तरांच्या दारी गेलो. त्यांनी दोन्ही हातांत घेतला. खांद्यावर मात्र टाकला नाही.