चनमल्लप्पास काही नाही

मी, तिप्पण्णा गुरप्पा हत्तुरे, वय एकसष्ट, धंदा वकिली, राहणार भवानी पेठ, सोलापूर, शरीराने थकलो असलो तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही भिडेस न पडता माझ्यामागे मिळकतीची व्यवस्था कशी व्हावी ते लिहून ठेवतो. पत्नी रंगूनला वारली. मूलबाळ नाही. सख्खा भाऊ चनमल्लप्पा आहे. त्यास यातले काडीइतकेही मिळू नये. का, ते कोर्टानेही वाचावे.

१. भवानी पेठेतील घर माझ्या वकिलीच्या कमाईचे आहे, वडिलोपार्जित नाही. चनमल्लप्पा उलटे सांगत फिरतो, ते खोटे आहे.

२. तरुणपणी मी रंगूनला जाऊन वकिली जमवली. पुढे तेथील बंदराचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर मला घेतले. धक्क्यावर तेलुगू हमाल पुष्कळ. सोलापुरात पेठेतल्या तेलुगू विणकरांत वाढल्याने त्यांची भाषा मला येई, म्हणून ते गाऱ्हाणी घेऊन माझ्याच दारी येत. मंडळातल्या काही गोऱ्या व्यापाऱ्यांना ते रुचत नसे. न रुचो.

३. चनमल्लप्पा माझ्यामागून आला. माझे मत विरुद्ध असतानाही त्याने हमाल पुरवण्याचा ठेका मिळवला आणि कुजके दोर वापरले. मी बजावले, तो हसला. १९२४ साली दोर तुटून तांदळाची पोती कोसळली आणि आमच्याच पेठेतला नरसय्या येमूल चिरडून मेला. चौकशीच्या आदल्या दिवशी चनमल्लप्पा घरी आला.

"अण्णा, माणूस प्यालेला होता, एवढं लिहा की. लई मोठं मागत न्हाय."

"नरसय्या दारूला शिवत नव्हता."

"मेलेल्याला काय फरक पडतोय? आपल्या घराण्याचं नाव हाय."

मी मंडळापुढे तुटका दोर ठेवला आणि भावाचे नाव घेतले. ठेका गेला.

४. त्याने सोलापूरला येऊन आईला सांगितले की मी खुर्चीसाठी भाऊ विकला. आई आजारी असल्याचे कळून मी आलो, तर त्याने दार अडवले. "हितं तुमचं कोण हाय?" आतून आईचा खोकला ऐकू येत होता. ती गेली तेव्हा मी धर्मशाळेत होतो. हे मी माफ केलेले नाही, करणारही नाही.

५. माझ्या मातीला त्याने येऊ नये. आल्यास साक्षीदारांनी दंड धरून बाहेर काढावे. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

६. कायद्याची पुस्तके येथील वकील मंडळींना द्यावीत. मला पाठीमागे 'रंगूनचा साहेब' म्हणणाऱ्यांनी ती निदान उघडावीत.

७. घर नरसय्याची विधवा कमलम्मा हिला पूर्ण मालकीहक्काने द्यावे. तिला हे सांगितले तेव्हा तिने आभार मानले नाहीत. म्हणाली, "घर घेईन, वकीलसाहेब. पण दारावर तुमची पाटी नको. माझ्या माणसाचं नाव लावीन."

मला राग आला. मग पटले. तरी माझी पाटी काढून ठळक अक्षरांत 'नरसय्या येमूल' अशी लावावी. चनमल्लप्पाचे दुकान समोरच आहे. रोज वाचील. लहानपणी अक्षरे त्याच्याकडून मीच गिरवून घेतली होती.

वरील मजकूर पुन्हा वाचला. एकही शब्द मवाळ करावासा वाटला नाही.

सही : तिप्पण्णा गुरप्पा हत्तुरे

आमच्यासमोर सही केली :
कमलाकर रामचंद्र जोगळेकर, शिक्षक, सोलापूर
धुळा सिद्राम वाघमोडे, मंद्रूप (डाव्या अंगठ्याचा ठसा)

सोलापूर, ९ नोव्हेंबर १९३३