टोमासाचा जबडा

कॅली, मंगळवार, १२ नोव्हेंबर

येसिद मास्तर,

कसा आहेस? आई बरी आहे ना? इकडे नेहमीसारखंच उकडतंय, आणि स्टुडिओतला पंखा अजून तोच, मान मोडलेला. तू सगळे ग्रुप सोडलेस, माझा फोनही उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. मार्लेनी शनिवारी बसने पोपायानला निघालीय, तिच्या पिशवीत हे पत्र टाकते. तिला बजावलंय, भावाचं पत्र वाचायचं नाही. वाचेलच ती.

आधी आपल्या सासूबाईंची खबर. (मार्लेनी, तू वाचत असशीलच, म्हणून सांगते: सासूबाई म्हणजे आम्ही ज्यात कार्टून हलवतो ते सॉफ्टवेअर. नाव तुझ्या भावानेच ठेवलंय.) काल तिने माझा दोन तासांचा सीन गिळला. सेव्ह करता करताच मेली! वर म्हणते, ‘काहीतरी चुकलं आहे.’ अगं बाई, काय चुकलं, कुठे चुकलं, सांगशील की नाही? पात्राची मान वळवली की बुबुळं मागेच राहतात, तेही अजून तसंच. नव्या आवृत्तीत काय सुधारलं माहितीये? बटणांचा रंग.

एदिल्सन परवा म्हणाला, “निडिया, दुसरं काहीतरी शिकूया ना, जरा शहाणं.” मी म्हटलं, “शीक की! मग काम कोण देणार, तुझी आत्या?” क्लायंटला फाईल सासूबाईंचीच लागते, करारातच लिहिलेलं असतं. सगळी दुनिया तिला शिव्या देते आणि सगळी दुनिया तिच्याच घरात नांदते.

आणि तिचे ते प्रश्न! दिवसातून तीस वेळा विचारते, खात्री आहे का, नक्की का. आपण कधी वाचतो? एंटर, एंटर, एंटर.

थांब, अजून एक पांदेबोनो घेऊन येते. स्टुडिओसमोरच्या बेकरीत बसलेय.

आणला, खाल्ला, आणि दोनदा उगीच दारापर्यंत जाऊनही आले. आता लिहिते.

गेल्या बुधवारी मेडेयीनच्या एका स्टुडिओतून फोन आला. तू तिथे अर्ज केलायस हे मला ठाऊक नव्हतं. बाईने विचारलं, “येसिद मुरियो काम काळजीपूर्वक करतो का? आमच्या सगळ्या कार्टून-पात्रांच्या बाहुल्या त्याच्या ताब्यात असतील.” आणि मी म्हटलं, “माणूस फार चांगला आहे.” ती नुसतं “बरं” म्हणाली. माणूस चांगला आहे, एवढंच कोणी सांगितलं की त्याचा अर्थ काय होतो, तो तिला कळला आणि मलाही.

मास्तर, मार्चमधला तो दिवस आठव. तू दाढ काढायला गेला होतास. माझं मशीन अडकलं होतं आणि मला आपल्या मालिकेतल्या टोमासाचं कोपर दुरुस्त करायचं होतं. आपल्याकडे सासूबाईंची लायसन्स दहा आणि माणसं चौदा, जी खुर्ची रिकामी तिथे बसायचं, हे तर ठरलेलंच. मी तुझ्या खुर्चीत बसले. नवी आवृत्ती तेव्हा फक्त तुझ्याच मशीनवर होती. टोमासाची मूळ बाहुली, म्हणजे तिचे सगळे सीन जिच्यावर चालतात ती फाईल, उघडली, सासूबाईंनी काहीतरी विचारलं, मी एंटर दाबलं. कोपर नीट केलं, सेव्ह केलं आणि जेवायला गेले.

तिने विचारलं होतं, फाईल नव्या आवृत्तीत बदलू का, मागे येता येणार नाही.

दुपारी एक्केचाळीस सीनमध्ये आपल्या कॅपिबारा कंडक्टरणीचा, टोमासाचा जबडा गुडघ्याला लटकत होता. जुनी प्रत होती ती डिसेंबरची, म्हणजे तीन महिन्यांचं काम गेलं. पुढचा सीझन हातचा गेला. बॉस म्हणून ओमाइराने सगळ्यांना बोलावून फाईलवरचं नाव पडद्यावर दाखवलं. खुर्ची तुझी, लायसन्स तुझं, नाव तुझं. तुझ्या गालात कापूस होता, धड बोलताही येत नव्हतं. तरी तू म्हणालास, “सकाळी मीच उघडली होती. माझ्याकडूनच झालं असेल.” मी तुझ्या मागेच उभी होते. माझ्या दाढा तर शाबूत होत्या.

त्या दिवशी घाबरले. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज सांगते. मग तू काम सोडून गेलास, आणि ओमाइराने तुझी जागा मला दिली. मी घेतली, येसिद. मला माझी लाज वाटते.

परवा मार्लेनी बाजारात भेटली. म्हणाली, “गॅस बंद आहे का ते तो चारचारदा बघतो. पेन्सिल हातात धरत नाही. म्हणतो, माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही.” हातातल्या टोमॅटोंचे पैसे द्यायचंही मला सुचलं नाही, भाजीवाली मागून ओरडत आली.

काल सकाळी ओमाइराच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. तिने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, “आठ महिने माझ्यासमोर बसून कॉफी प्यायलीस?” मी मान हलवली. “आणि त्याला मी चौदा जणांसमोर बोलले, ते आता कुठे नेऊन ठेवू?” तिचे डोळे भरले होते. शुक्रवारी मी खुर्ची सोडतेय. तिने तसं सांगायच्या आधी मीच सांगितलं, एवढं तरी जमलं.

तिथूनच मेडेयीनला फोन लावला. त्या बाईलाही सगळं सांगितलं, एंटरसकट. ती म्हणाली, “जागा अजून भरलेली नाही.” येत्या सोमवारी दहा वाजता ती तुला फोन करेल. मेहेरबानी कर आणि उचल.

तू म्हणशील, त्या दोघींना आधी सांगितलंस आणि मला सगळ्यात शेवटी? हो. मुद्दामच. तुला आधी सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, “जाऊ दे गं निडिया, झालं ते झालं.”

आणि मी जाऊ दिलं असतं.

तुझ्या मैत्रीला न जागलेली,
निडिया