चार कोपऱ्यांची भाकरी

अहो,

रेशनला जोंधळं येणार हाय म्हणे, म्हणून रांगेला लवकर चालले. चिठ्ठी टोपीखाली ठेवलीय, टोपीबिगर तुम्ही कचेरीला जात न्हाय.

साहेब कचेरीत सँडविच देतात म्हणून महिनाभर तुम्ही डबा नेला न्हाय. सँडविच म्हणजे दोन कापांच्या मधे कायतरी, हे तुम्हीच सांगितलं. मग आमच्या उचगावात दोन भाकरींच्या मधे चटणी घालून शेतात नेतात, ते पण सँडविचच की, असं मी म्हटलं तर चिडलात. गोल चालत न्हाय, चार कोपरे लागतात, म्हणालात.

काल तुमच्या शिपायाची, भरमाची, बायको नळावर भेटली. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही नुसतं पाणी पिऊन बसता म्हणे. मला पाचवा महिना हाय, म्हणून माझ्या ताटात जास्तीची भाकरी यावी, त्यासाठी एवढं खोटं बोललात?

डब्यात दोन भाकरी हायत, मधे शेंगाची चटणी. विळीवर चारी बाजू कापून कोपरे काढलेत. एक कोपरा मोडलाय, तेवढं चालवून घ्या.

कापलेल्या कडा आम्ही दोघांनी खाल्ल्या. आमची काळजी करू नका.

नागू