डाव्या पायातला बूट

मस्कत, २ जून २०१५

प्रिय कौशिक,

काल ज्ञानदावहिनींशी फोनवर बोललो. लांज्याच्या त्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तू बसायला लागला होतास, पण अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही म्हणून तेही सुटलं म्हणाल्या. आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतोस. एकेचाळिसाव्या वर्षी मणक्यांच्या चकत्या झिजलेल्या माणसाला इथून सांगायचं तरी काय?

इकडे माबेल्यात नवे बंगले उठतायत. एसीचं बाहेरचं युनिट गच्चीवर चढवताना अजून माझ्या तोंडून निघतं, "कौशिक, धर." मग जोडीला दिलेला माणूस माझ्याकडे बघत राहतो.

युनिफॉर्मच्या आत तू बांधायचास तो कमरेचा पट्टा खोलीत फक्त मला माहीत होता. सकाळी एक गोळी, दुपारी दोन. "कुणाला बोललास तर बघ," असा दम दिला होतास. दोन वर्षं मी ब्र काढला नाही. तुझ्या वाटचं ओझं जमेल तेवढं मी उचलायचो आणि तू माझ्यावरच चिडायचास.

मग तो दिवस आला. तू शिडीवर होतास, मी खाली. तुझ्या डाव्या पायातला बूट निसटून माझ्यासमोर पडला. तुला कळलंच नाही. नुसत्या मोज्यावर तू तापलेल्या पायरीवर उभा होतास आणि वरून स्पॅनर मागत होतास. मी चढून तुझ्या पायात बूट घातला, तेव्हा तू खाली बघितलंस. मग स्पॅनर घेतलास आणि पुन्हा कामाला लागलास.

चार दिवसांनी कंपनीने तुला डॉक्टरकडे पाठवलं. एमआरआय झाला, जड काम बंद असं लिहून आलं. कंपनीच्या अल मवालेहच्या स्टोअरमध्ये बसून काम द्या म्हणून तू किती विनवलंस! अर्बाब, आपला मालक, आवाज न चढवता म्हणाला, "खलास. घरी जा, आराम कर." पंधरा दिवसांत तिकीट हातात. एअरपोर्टवर तुझी बॅग मी ट्रॉलीवर ठेवली, तेव्हा तू तोंड फिरवलंस.

स्टोअरकीपर ऑस्टिनने तुझ्या कमरेची चुगली केली, त्याला स्वतःची खुर्ची जाईल अशी भीती होती, हे तू पक्कं धरलंस. त्याचे फोन उचलले नाहीस. त्याला तू शिव्या घालायचास तेव्हा मी शेजारच्या खाटेवर बसून ऐकायचो.

कौशिक, ऑस्टिनने नाही, मी सांगितलं. बूट पडला त्याच संध्याकाळी फोरमनला गाठलं. तू कधीतरी वरून पडशील याची मला भीती वाटली. तो म्हणाला, "स्टोअरमध्ये घेऊ, इन्शाल्ला," आणि मी विश्वास ठेवला. सांगितलं नसतं तर काय झालं असतं, सांगून काय झालं, दोन्ही डोळ्यांपुढे येतं. फोनवर हे बोलायला जीभ वळली नाही. ऑस्टिन रजेवर वसईला चाललाय, तिथून मुद्दाम तुला बघायला लांज्याला येईल. हे पत्र तोच आणतोय, आत काय आहे हे त्याला ठाऊक नाही. आपलं काय चुकलं, असं तो अजून मला विचारतो. त्याला दारातून परत पाठवू नकोस. मला फोन केला नाहीस तरी चालेल.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझाच,
स्वरूप